सकाळी सहाचा फोन

अर्धांगवायूने आई खाटेवर पडली, तेव्हा तिचं सगळं करायला मी तुमसरजवळच्या एका गावातली बाई ठेवली. ठेवली म्हणजे काय, तर रोज सकाळी सहाला आईच्या खोलीतून फोन करून सांगायचं: आज या, किंवा आज नको. माझी शाळा असली की या. सुट्टी असली, बहीण आली, की नको. आई तेव्हा जागीच असायची. या सोयीचं मला भारी कौतुक होतं.

आईचा मात्र बाईवर जीव जडला होता. वाचा गेलेली, पण बाईने भात कालवून भरवला की चार घास जास्त खायची.

भाताच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत एकदा मी "आज या" म्हटलं, तर ती म्हणाली, "ताई, मी रोवन्याले लागली. आता महिनाभर येनं नाही होत."

माझं डोकंच फिरलं. रविवारी तावातावाने तिच्या गावी गेले. ती इतर बायांच्या रांगेत, बांधीतल्या म्हणजे भातखाचरातल्या चिखलात, मी कडेच्या धुऱ्यावर.

"आईला असं सोडून कशा आलात?"

हातातलं रोप लावत ती शांतपणे म्हणाली, "रोज पाचले उठून डबा भरतो, ताई. मंग तुमचा फोन येते, आज नोको. तो डबा घरीच बसून खातो. इथं रोवना सरतवरी काम पक्कं रायते."

फार लाज वाटली. म्हटलं, "मग रोज या. बहीण येवो, सुट्टी असो. नको म्हणून फोन करणार नाही."

"येईन. पन रोवना झाल्यावर. या बायांले शब्द देल्ला हाये."

महिनाभर रजा काढून मीच आईला भरवलं. ती दोन घासांत तोंड मिटायची आणि दाराकडे बघत राहायची. मला रडू यायचं.

रोवणा संपला, बाई रोज येऊ लागली, माझा सहाचा फोन बंद झाला. आठवडाभरात आई सकाळी सात-सात वाजेपर्यंत गाढ झोपू लागली. इतके दिवस मी तिच्या जागण्याला आजारपण समजत होते. त्या सहाच्या फोनकडे दोघी कान लावून असायच्या, एक गावात भरलेल्या डब्याजवळ आणि एक इथे, माझ्याच पाठीमागे.