लोहगाव ते मुंबई बंदर: साडेतीनच्या आत

क्रूझचे फोटो बघायला आला असाल तर आधीच सांगते, माझ्याकडे एकही नाही. विमानतळावरून बंदरावर वेळेत कसं पोचायचं, एवढं मात्र मी आता झोपेतही सांगू शकते.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती नीट चालायला लागली, तेव्हा मी सहज विचारलं, "आता कुठं जायचं सांग." नागपूरबाहेर फक्त नातेवाइकांची लग्नं पाहिलेली माझी चौसष्ट वर्षांची आई म्हणाली, "जहाजात." मी लगेच मुंबईहून निघणारं शुक्रवार ते रविवारचं क्रूझ बुक केलं. आई, बाबा आणि मी. तिघांनी एकत्र कुठे जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

आता माझी पहिली चूक. नागपूरहून थेट मुंबईचं विमान होतं. मी पुण्याचं घेतलं. हिंजवडीतलं माझं नवं घर दोघांनी पाहिलं नव्हतं. वाटेत जरा टेकतील, चहा घेतील, मग गाडीनं मुंबई. कागदावर हे फार छान दिसत होतं. बंदराचं गेट साडेतीनला बंद होणार होतं आणि विमान सव्वाआठला उतरणार होतं, म्हणजे सात तास हातात.

विमान वेळेवर आलं, मी दोघांना घ्यायला उभी होते. बॅगा मिळून बाहेर पडेपर्यंत नऊ वाजले. गाडी ठरवली होती लोणी काळभोरच्या दत्ताभाऊंची. जाऊन-येऊन साडेआठ हजार, टोल वेगळा. शुक्रवारी सकाळी लोहगाव विमानतळावरून हिंजवडी म्हणजे सगळ्या आयटीवाल्यांबरोबर काढलेली मिरवणूक. सव्वा तास लागला.

घरी अर्धा तास थांबायचं होतं, तासभर गेला. आईनं स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा उघडून पाहिला. बाबा आतल्या खोलीत काहीतरी करत होते. ते तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सामान लावणं हे त्यांचं खातं, त्यात आम्ही लुडबुड करत नाही. मी लॅपटॉपवर एक मेल संपवत होते. रजा घेतली होती, तरीही.

सव्वाअकराला निघालो. मिसळ, वडापाव, सगळ्यावर पाणी सोडलं. आईच्या डब्यातल्या तिखट पुऱ्या गाडीतच खाल्ल्या. लोणावळ्यापुढे घाटात गाड्या उभ्या. माझा जीव टांगणीला लागला होता. दत्ताभाऊ शांत.

"ताई, घड्याळाकडं बघून घाट सुटत नसतोय. अजून टाइम हाय."

पाऊण तास तिथं गेला. पुढे समुद्रावरच्या पुलावरून गेलो. टोल जास्त आहे, पण तो वाचवायच्या भानगडीत पडू नका. आईनं काच खाली केली आणि पूल संपेपर्यंत पाणी पाहत राहिली. दोन चाळीसला बंदर. तुमच्यासाठी म्हणून लिहून ठेवते: विमान उतरल्यापासून बंदरापर्यंत साडेसहा तास. खिशात पन्नास मिनिटं शिल्लक, आणि मी दमून अर्धमेली.

रांगेत उभे राहिलो. काउंटरवरच्या बाईंनी ओळखपत्रं मागितली. मी माझं दिलं. बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून अदबीनं पुढे ठेवले. त्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स. तीन संच. प्रत्येकावर "सत्यप्रत", खाली सही आणि तारीख.

"काका, ओरिजिनल लागेल."

"मूळ कार्ड सुरक्षित आहे, मॅडम. मुलीच्या कपाटात."

मला आधी कळेचना. सकाळी विमानात चढताना त्यांच्या खिशात असलेलं कार्ड त्यांनी माझ्या घरी काढून कपाटात कुलूपबंद केलं होतं.

"पाण्याचा प्रवास हाय न बेटा," ते मला म्हणाले. "ओलं झालं असतं तं? तीस वर्षं लोकांचे भिजलेले कागद पाहिले मी."

मोबाइलवर काढू म्हटलं, तर आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेल्या सिमचा. त्या बाईंनी वरिष्ठांना विचारलं, पण नियम तो नियम. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि मी माझ्या बाबांवर ओरडले. भर रांगेत, सगळ्यांसमोर. "एक काम होतं तुमचं! एक!" ते पिशवीची घडी घालत राहिले, परत उलगडून परत घालत. त्यांना शुगर आहे. माझा तो आवाज मला अजून ऐकू येतो आणि लाज वाटते.

"काहून ओरडून राहिली त्यांच्यावर?" आई म्हणाली. मग पर्समधून स्वतःचं कार्ड काढून तिनं काउंटरवर ठेवलं. "माझं असते माझ्याजवळ. ह्यांनी मागतलं होतं कपाटात ठेवाले. मी नाही देल्लं."

"तुम्ही दोघी जाऊ शकता," बाई म्हणाल्या.

बाबांना तशा अवस्थेत एकटं परत पाठवणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "चला, तिघंही परत जाऊ." आईनं बॅगेचं हँडल धरलं.

"तुम्ही जा. मी जाऊन राहिली."

आम्हाला वाटलं, रागानं बोलतेय. पण ती खरंच गेली. तीन वीसला तपासणीच्या दारातून आत गेली आणि तिनं मागे वळून पाहिलं नाही.

परतीचा रस्ता मला फारसा आठवत नाही. बाबा खिडकीबाहेर बघत होते, मी डोळे मिटून पडले होते. घरी आठला पोचलो. जहाजावर रेंज नाही. दोन दिवस आम्ही एकमेकांशी जपून बोललो आणि ताट वाढताना दोघांनीही तिचं नाव काढलं नाही. मी माफी मागितली. "चूक माझीच हाय," एवढंच ते म्हणाले.

रविवारी पहाटे निघून नऊला बंदरावर. आई उतरली ती बॅग स्वतः ओढत. गाडीत बसली आणि पनवेलच्या आत झोपली. बाबांनी दोनदा विचारलं, कसं होतं. "चांगलं होतं."

जहाजाचं कोणाला ठरवायचं असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत मुक्काम करा, मूळ ओळखपत्र प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात ठेवा आणि वाटेत कुणाचं घर दाखवू नका.

संध्याकाळी माझ्या ओट्याशी आई मेथी निवडत होती. बाबा म्हणाले, "आता सगळं माहीत झालं. पुढच्या वेळी तिघं जाऊ."

"पहिल्या रात्री मी रडली," आई म्हणाली. "भेव वाटलं. झोपलीच नाही. सकाळी वर गेली, तं चहूकडं पाणीच पाणी. दुपारपर्यंत बसली तिथं. कोणी उठवलं नाही." तिनं जुडी झटकली. "तुम्ही दोघं जाऊन या ना. मी परत एकटीच जाईन."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तिघं एकत्र असावं म्हणून मी एवढी धावपळ केली, आणि तिला आवडलं ते आम्ही नसणं.

बाबांनी मेथीची एक जुडी स्वतःकडे ओढली. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"पाहू," आई म्हणाली.