दसऱ्यानंतरची जाळी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पॉवर प्रेसमध्ये सुधीरचा उजवा हात सापडला. सुधीर माझा नवरा. भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात तो प्रेसवर स्टीलची ताटं काढायचा. फोन आला तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत होते.

"क्रश इंज्युरी आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे कापलेला नव्हे, चिरडलेला हात. कापलेलं शिवता येतं. चिरडलेल्या हातात आतलं किती जिवंत आहे, हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही.

मनगटाच्या वरून हात काढला तर धोका कमी, असं त्यांचं मत होतं.

सुधीर शुद्धीवर होता. "अंगठा तरी ठेवा, डॉक्टर. अंगठा असला की माणूस काहीतरी पकडू शकतो."

"प्रयत्न करतो. पण इन्फेक्शन वर चढलं, तर मग थांबता येणार नाही."

बाहेर बाकावर त्याच्या शेजारच्या मशीनवरचा रामआसरे बसला होता. काय झालं ते त्याच्याकडून कळलं. प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते, हात साच्याखाली जाऊ नये म्हणून. दसऱ्याला मशीन धुवायला ती काढली. मग कुंकू लावलं, जाळीच्या जागी झेंडूचा हार घातला. सकाळी काम सुरू झालं तेव्हा हार तसाच होता आणि जाळी भिंतीला टेकलेली.

"भाभी, पूजा की माला थी. सूखने से पहले कैसे उतारते?"

दरवर्षी ते असंच करत. आजवर काही झालं नव्हतं. मला त्याच्यावर रागावता आलं नाही. शिलाई मशीनवर वाहिलेलं फूल मीही वाळल्याशिवाय काढत नाही.

हात तूर्त ठेवला आणि डिब्राइडमेंट सुरू झालं. भूल देऊन मेलेलं मांस काढायचं, जखम धुवायची, पुन्हा वाट पाहायची. प्रतीक्षागृहात नाव पुकारलं की आम्ही सगळेच उठायचो, ज्याचं नाव नसेल तोही.

बरं वाटलं की सुधीर चिडवायचा. "आता भाजी तू चिरायची. वांगी केवढाली चिरतेस, तेवढं सुधार."

"आधी घरी तर चल."

"येतोय ना. डावखुरा होऊन येतोय."

बँडेजमधून अंगठ्याचं टोक दिसायचं. मी नखावर बोट ठेवायचे. तो वर बघत विचारायचा, "लावलंस का बोट?" त्याला काही कळत नसे. मी "हो" म्हणायचे.

मग ताप चढला. अंगठा काळा पडला. हात कोपराखाली काढला, तरी उशीर झाला होता. डॉक्टरांनी सेप्सिस हा शब्द वापरला. म्हणजे संसर्गाशी झुंजता झुंजता शरीर स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतं. आधी मूत्रपिंडं थांबली. अतिदक्षता विभागात मी त्याचा डावा हात धरून बसायचे. तो गरम असायचा.

एका सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले. एरवी ते उभ्यानेच बोलत. ते बसले तेव्हा मला कळलं.

तुमचं कोणी प्रेसवर काम करत असेल, तर दसऱ्यानंतर कामाला निघताना त्याला विचारा, जाळी बसवली का? हार दाराला बांधा म्हणावं. आणि डॉक्टर हात काढायचं म्हणाले तर काय ठरवावं, हे मात्र मी सांगू शकत नाही. सुधीरने अंगठा मागितला, ती चूक होती असं मी म्हणणार नाही. त्याच्या जागी मीही तोच मागितला असता.

या दसऱ्याला गाळ्यावर गेले. रामआसरेने आधी जाळी पक्की केली, मग फुलं आणली. मालकाने जाळीला एक स्विचही बसवून घेतलाय. जाळी उघडी असली की प्रेस चालत नाही. तेवढं पाहून मी निघाले.

वाटेत पाव किलो वांगी घेतली. मला तो एका हाताचाही चालला असता. बिनहाताचाही.

पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या घरात आता मी एकटी राहते.