घरचा शेरा

वर्षाचा पहिला तास वाघमारे मॅडम कधीच शिकवण्यात घालवत नसत. त्या वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटत आणि म्हणत, "तुमच्या गल्लीत असं एक घर आसंल, ज्याच्या उंबऱ्याच्या आत तुम्ही कधीच गेला न्हाई. त्या घराचं नाव लिहा." मुले हसत, एकमेकांच्या चिठ्ठीत डोकावत, मग हळूहळू लिहायला लागत. चिठ्ठ्या गोळा झाल्या की मॅडम त्या हातात घेऊन सांगत, "झालं. हाच तुमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम."

नांदेडच्या आमच्या महाविद्यालयात तेव्हा बी.ए.ला 'धर्मांचा अभ्यास' हा विषय होता. विभागात आम्ही दोघेच. मी विभागप्रमुख आणि शकुंतला वाघमारे या सहकारी. विषय घेणाऱ्या मुलांना घरून एकच प्रश्न असे, की हे शिकून काय कीर्तन करणार की मौलवी होणार? मॅडमनी त्यावर मुलांना उत्तर शिकवून ठेवले होते: "सांगा, शेजारी होणार म्हणून."

त्या रुजू झाल्या त्या वर्षी त्यांनी एक चिठ्ठी माझ्याही पुढे धरली. "सर, तुम्ही बी लिहा की." मी हसून ती खिशात ठेवली आणि म्हणालो, "नंतर लिहितो." माझ्या स्वभावाचे वर्णन या दोन शब्दांत पुरे होते.

त्यांची शिकवण्याची एक पद्धत होती. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या नसलेल्या धर्मावर एक निबंध लिहायचा, शेवटचे पान कोरे सोडायचे, आणि त्या धर्माच्या घरी जाऊन तो सबंध मोठ्याने वाचून दाखवायचा. ऐकणाऱ्याने त्या कोऱ्या पानावर आपले म्हणणे लिहायचे. लिहिता येत नसेल तर त्याने सांगायचे आणि विद्यार्थ्याने उतरवून त्याखाली अंगठा घ्यायचा. याला त्या 'घरचा शेरा' म्हणत. शेऱ्यावाचून त्या निबंधाला हात लावत नसत. "पुस्तकातला धर्म खोटा न्हाई," त्या म्हणत, "पण तो जेवत न्हाई, भांडत न्हाई, रुसत न्हाई. जो जेवतो त्याला विचारून या."

एकदा एका मुलाने लिंगायतांवर निबंध लिहिला. उदगीरच्या एका आजीबाईंनी तो शांतपणे ऐकला आणि गळ्यातले लिंग तळहातावर घेऊन म्हणाल्या, "ह्याला तू मूर्ती म्हनलास. मूर्ती देवळात बसती, लेकरा. हे माझ्यासंगं झोपतंय, उठतंय." मुलगा निबंध पुन्हा लिहायला परत आला. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी तो शेरा माझ्या टेबलावर आणून मला वाचून दाखवला. गुरुद्वाऱ्यात ताटे घासून आलेल्या मुलीच्या निबंधावर शेरा होता, "बेटी ने लिखा कम, बर्तन अच्छे मांजे." मॅडमनी तिला पूर्ण गुण दिले.

ही पद्धत विभागाची म्हणून चालावी, यासाठी त्यांनी रीतसर टिपण लिहिले होते. त्यावर विभागप्रमुख म्हणून माझी सही होती. तो कागद माझ्या लोखंडी कपाटात होता. हे मी आताच सांगून ठेवतो.

अश्विनी ही देवणीकडची शेतकरी घरातली मुलगी तिसऱ्या वर्षाला होती. घरी जमीन, दावणीला देवणी जातीची जनावरे, गावात मान. तिने पहिल्या तासाला आपल्याच गावातल्या बौद्ध वस्तीतल्या एका घराचे नाव लिहिले होते. त्या घरच्या चंद्रभागाबाईंना तिने निबंध वाचून दाखवला. "या लोकांनी देव नाकारले" या वाक्यापाशी म्हातारीने तिला थांबवले. त्यांचा शेरा मला अजून जसाच्या तसा आठवतो: "नाकारले म्हनू नको. सासऱ्यानं देव पाटीत घालून नदीला नेले आन् मोकळ्या हातानं घरी आला. तवापासून वरीसभर तुझ्या आज्यानं आमच्यातल्या एकालाबी कामावर घेतलं न्हाई. मी तवा नवी नवरी होते, पाला शिजवून खाल्लाय. हे बी लिव्ह."

अश्विनीने लिहिले. आजोबांच्या नावासकट लिहिले.

आठवडाभरात तिचे वडील आणि चुलते महाविद्यालयात आले. वडील मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले, बसले नाहीत. "पोरगी डिग्रीला घातली बाई, घरातलं उकरायला न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "दादा, तिनं उकरलं न्हाई. वरच होतं ते. तुम्ही त्याच्यावर बसला होता."

प्रकरण संस्थेच्या बैठकीत गेले. निबंधाचे शेवटचे पान काढून टाकावे, ही पद्धत बंद करावी आणि मॅडमनी लेखी माफी मागावी, असे ठरू लागले. त्यांना बोलावले तेव्हा त्या नेहमीची निळी साडी नेसून आल्या आणि निबंध टेबलावर उघडून ठेवला.

"माफी मागायला माझी ना न्हाई," त्या म्हणाल्या. "फक्त यातला कोणता शब्द खोटा हाय, त्यावर खूण करून द्या. तेवढ्या शब्दाची माफी मी आत्ता लिहून देते."

त्यांनी आपले पेन टोपण काढून पुढे ठेवले. ते कोणीच उचलले नाही. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "जाधव सर, या प्रकाराला विभागाची लेखी मान्यता होती का?"

मी म्हणालो, "तशी मान्यता दिल्याचे मला स्मरत नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. टिपणाची प्रत त्यांच्या पिशवीत होती, हे मला पुढे कळले. ती त्यांनी काढली नाही. "सरांना आठवत नसंल तर ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पद्धत माझी हाय. काय करायचं ते मला करा. पान मी फाडणार न्हाई."

त्यांची बदली अहमदपूरच्या शाखेत झाली, जिथे हा विषयच नव्हता. तो निबंध मग माझ्याकडे तपासायला आला. मी अश्विनीला बोलावून समजुतीच्या स्वरात सांगितले, की दुसऱ्या एखाद्या सौम्य विषयावर लिही. ती म्हणाली, "सर, मॅडम असत्या तर तुम्हाला विचारल्या असत्या, सौम्य कुणासाठी म्हणून." तिने दुसरा निबंध दिला नाही. मी तिच्या नावापुढे शून्य लिहिले. लेखी परीक्षेच्या बळावर ती तरीही पास झाली. पुढच्या वर्षापासून विषयाचे नवे प्रवेश बंद झाले.

त्या गोष्टीला चार वर्षे झाली. मी पन्नाशी ओलांडून बराच पुढे आलो आहे, आणि अलीकडे माझे मृदू बोलणे मलाच ऐकवत नाही. गेल्या महिन्यात मी मॅडमवर हा लेख लिहिला, शेवटचे पान कोरे सोडले आणि एसटीने अहमदपूरला गेलो.

रविवार होता. त्यांच्या पडवीत सात-आठ मुली सतरंजीवर बसून काहीतरी वाचत होत्या. एक बुरख्यातली होती, एकीच्या कपाळावर विभूती होती. मी चकित होऊन पाहत राहिलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पदवी बंद केली त्यांनी. उंबरे थोडेच बंद केले?" मग माझ्या हातातल्या कागदांकडे बघून, "काय आणलाव, सर?"

"तुमच्यावर लिहिले आहे. शेरा हवा आहे."

मुली गेल्यावर त्यांनी मला आत नेऊन खुर्ची दिली. "हाव, वाचा. मोठ्यानं."

मी वाचत गेलो. बैठकीच्या प्रसंगाशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. पहिल्या मसुद्यात तिथे "मी गप्प राहिलो" असे होते.

"गप्प न्हवता तुम्ही. बोलला होता. काय बोलला ते लिहा."

मी तिथेच ते वाक्य खोडले आणि या लेखात वर तुम्ही वाचलेत ते लिहिले. मी म्हणालो, "मॅडम, मला क्षमा करा."

"ते लई सोपं हाय, सर. मी केली म्हटलं की तुम्ही समाधानानं गाडीत बसणार. अश्विनीच्या शून्याचं काय? तो सहीचा कागद हाय का अजून?"

"कपाटात आहे."

"मग तिकडं न्या. माझ्या घरी काय दाखवायलाव?"

त्यांनी लेख घेतला आणि कोऱ्या पानावर शेरा लिहिला: "ऐकले. यातली बाई मीच आहे. लेखकाबद्दल मात्र अजून कमी लिहिले आहे."

म्हणून हे थोडे अधिक. नांदेडला असताना मॅडम विष्णुपुरीला राहत. त्यांनी मला तीनदा घरी बोलावले, आणि तिन्ही वेळा मी दारातूनच "चहा नुकताच झाला" म्हणून परतलो. एकदाही तो झालेला नव्हता. अहमदपूरच्या त्या खुर्चीत मी बसलो, ती त्यांच्या उंबऱ्याच्या आत बसण्याची माझी पहिली वेळ. पहिल्या वर्षीची ती चिठ्ठी कधीच हरवली आहे. पण तिच्यावर कोणत्या घराचे नाव यायला हवे होते, हे मला त्याही दिवशी ठाऊक होते.

अहमदपूरहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी संस्थेच्या कार्यालयात अर्ज दिला. सोबत माझ्या सहीचा कागद जोडला. मी बैठकीत खोटे बोललो, अश्विनीचे गुण दुरुस्त व्हावेत आणि विषय पुन्हा सुरू व्हावा, असे स्पष्ट लिहिले. सचिवांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि मायेने म्हणाले, "सर, निवृत्तीला थोडी वर्षं राहिली. अर्ज मागं घ्या, मी पाहिलाच न्हाई म्हणतो."

मी खिशातून पेन काढले, टोपण काढून त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणालो, "यातला कोणता शब्द खोटा आहे, त्यावर खूण करून द्या."