मोडक्या पायाचा सात

आमच्या भावोजींनी आयुष्यात एकच शोध लावला आणि त्यापायी माझ्या ताईचा दिवाणखाना गेला. म्हणजे खोली आहे, पण तिच्यात बसायची सोय नाही. सोफ्यावर चेसिस नंबरांचे कागद, टीपॉयवर चेसिस नंबरांचे फोटो आणि मधोमध भावोजी. विमा कंपनीत अपघाताच्या गाड्या तपासून निवृत्त झाले. त्या वयात माणसं निदान गुडघे तरी डॉक्टरला दाखवून आणतात. यांनी एका जुन्या, दोन सीटांच्या स्पोर्ट्स गाडीची शिरगणती अंगावर घेतली. कुणी सांगितलं नव्हतं.

ती गाडी काढणारा कारखाना केव्हाच बुडाला, त्याचे कागदही जळाले. त्यामुळे अशा गाड्या नेमक्या किती निघाल्या हे कुणाला ठाऊक नाही आणि खरं सांगायचं तर त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही. पण प्रत्येक गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, एक नंबर ठोकलेला असतो. भावोजी जगभरच्या मालकांना लिहून लिहून ते नंबर मागवत. पहिला आणि शेवटचा नंबर कळला की मधल्या गाड्या किती, हे शेंबडं पोरही सांगेल. भावोजींची त्यात निवृत्तीनंतरची कैक वर्षं गेली. आणि योगायोग बघा, सगळ्यात शेवटचा नंबर निघाला त्यांच्या स्वतःच्याच गाडीचा! त्याच्या पुढचा नंबर त्यांनी पाहिला नव्हता, म्हणजे तो जगात नव्हता. लगेच पितळी पाटी करून गाडीवर बसवली: ‘या जातीची शेवटची गाडी’ आणि खाली तो नंबर. पाटी घासायची ताईने, मिरवायचं भावोजींनी.

खरा नंबर ओळखायची खूणही त्यांनीच शोधली होती. कारखान्यातला सातचा ठसा मोडका होता, त्यामुळे खऱ्या गाडीवरच्या सातला पाय अर्धाच. हे मी त्यांच्याकडून जेवताना ऐकलंय, दवाखान्याच्या रांगेत ऐकलंय, माझ्या सासऱ्यांना पोचवायला निघालो तेव्हाही ऐकलंय.

मध्यंतरी आमचे दातांचे डॉक्टर वारले. त्यांच्याकडेही तीच गाडी होती, हे आम्हाला वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला तेव्हा कळलं. वहिनी घर आवरून लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. गाडीला गिऱ्हाईक मिळालं होतं, पण ती खरी असल्याचा शब्द भावोजींनी दिला तरच तो घेणार होता. डॉक्टरांनी माझे पडायला आलेले दात वाचवले होते, म्हणून ताईबरोबर मीही गेले.

गॅरेजला अजून लवंगेच्या तेलाचा वास होता. कोपऱ्यात दवाखान्यातली जुनी खुर्ची, मधे चादरी जोडून शिवलेल्या खोळीखाली गाडी. गिऱ्हाईक हजर होतं. भावोजींनी बॉनेट उघडलं, रॉकेलच्या बोळ्याने मळ पुसला, कागद धरून त्यावर पेन्सिल घासली. नंबर उमटला आणि भावोजींचं तोंड उतरलं. तो त्यांच्या गाडीच्या पुढचा होता.

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

“नकली आहे,” ते म्हणाले. “हा नंबर कारखान्याने ठोकलेलाच नाही. ही गाडी झालीच नाही.”

हे बोलताना न झालेल्या गाडीला ते टेकून उभे होते.

“म्हणजे डॉक्टरांना कुणी फसवलं?” गिऱ्हाईकाने विचारलं.

“फसवलं म्हणा, नाहीतर त्यांनीच ठोकून घेतला म्हणा. हौसेला मोल नसतं.”

“हे तसले नव्हते हो,” वहिनी म्हणाल्या. हातातली खोळ त्यांनी पोटाशी घट्ट धरली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपली पाटी टिकावी म्हणून हा माणूस एका मेलेल्या सज्जनाला चोर ठरवत होता, तेही त्याच्या बायकोसमोर.

मी तोंड उघडणार तोच ताई म्हणाली, “अहो, सात दाखवा.”

“कसला सात?”

“कसला काय? ज्याच्याशिवाय आमच्या घशाखाली घास उतरला नाही, तो. काढा तो कागद.”

ताईचा तो आवाज भावोजींनीही कधी ऐकला नसावा. कागद निमूट बाहेर आला. नंबरात सात होता आणि त्याला पाय अर्धाच होता. गिऱ्हाईकाने चष्मा वर करून पाहिलं. भावोजींनी ती खूण त्यालाही कधीतरी पढवलेली होतीच. तो हसला आणि वहिनींना म्हणाला, “गाडी मी घेतो. डॉक्टरांबद्दल मला शंका नाही.”

“अपवाद असू शकतो,” भावोजी पुटपुटले.

वहिनी खोळीची घडी घालत होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

“तुमची गाडी ह्यांनी प्रदर्शनात पाहिली होती. पाटी वाचून घरी आले आणि मला ही खोळ शिवायला लावली. परत कधी गाडी बाहेर काढली नाही. मी म्हटलं, अहो, सांगा ना त्यांना. तर म्हणाले, राहू दे. माणूस एवढा खूश आहे, कशाला दुखवायचं?”

मला वाटलं, आता तरी हा माणूस हात जोडेल. भावोजींनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, “प्रदर्शन कुठल्या वर्षीचं, आठवतंय का?”

पाटी अजून त्यांच्या गाडीवर आहे. ताई मात्र आता ती घासत नाही.