हौशीरामचे चौथे कांदेपोहे

आमच्या उर्से गावचा हौशीराम गुलाबाच्या पॉलीहाउसमध्ये मुकादम आहे. दहावीला दोनदा बसला. पण मयतीहून परतणाऱ्यांनाही हा वाटेत हसवतो. लग्नाच्या बाजारात मात्र हा गुण खपेना. तीन स्थळांनी कळवलं, 'मुलगा पोरकट आहे.' वय एकतीस झालं. चौथ्या वेळी निवृत्तीमामांनी गाडीतच दम भरला, "हौशा, प्वॉट दुखलं तरी त्वांड उघडायचं न्हाई!"

स्थळ नवलाख उंबरे गावचं. मुलगी सविता कारखान्यात माल तपासायला. बारीक चरा दिसला की नग बाद. कडक इस्त्रीच्या शर्टात हौशीराम खांबासारखा बसला. त्याला काहीही विचारलं की मामाच उत्तर देत. पोहे देऊन आत वळताना सविता आईला हळूच म्हणाली, "मंद वाटतोय गं." हौशीरामनं ते ऐकलं. तरी गप्प!

"शेती किती?" तिच्या वडिलांनी, महिपतीआबांनी विचारलं.

"सहा एकर," मामा म्हणाले.

आता मात्र हौशीरामला राहवेना. "न्हाई आबा, दोनच. चार एकरातनं एक्सप्रेसवे गेला. तितं रोज हजारो गाड्या पेरतो आमी, पन उगवत एक न्हाई."

मामांनी डोळे मिटले. दारातून सवितानं सरळ चेहऱ्यानं विचारलं, "एवढ्या पिकाच्या राखणीला बुजगावणं हाय का?"

"व्हय की. आज मामांनी तेच उचलून हितं आणलंय."

सविताला हसता हसता दाराची चौकट धरावी लागली.

माणसाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करणारे काही विद्वान म्हणतात, मोराला पिसारा तसा माणसाला विनोद. आत डोकं आहे, हे जोडीदाराला दाखवायची सोय. कारण डोक्याशिवाय तो सुचत नाही, आणि कळतही नाही. मामांनी मोराला लग्न जमवायला नेलं, अन् पिसारा गाडीतच ठेवायला लावला!

आबांनी लेकीला आत नेऊन समजावलं, "बाई, जन्मभर असलं ऐकत बसावं लागंल."

"मी काय नुसती ऐकत बसनारे का, आबा?"

वैशाखात बार उडाला. आता हौशीरामच्या आईची, धोंडाबाईंची, तक्रार एकच. या नवरा-बायकोची जुगलबंदी ऐकायला रोज संध्याकाळी अर्धी आळी ओट्यावर जमते, आणि सगळ्यांना चहा लागतो.