डॉक्टरांच्या मोटारीचा नवा सायलेन्सर

देव काळजी वाटायला बसला तेव्हा आमचे शेजारी डॉक्टर रांगेत पहिले असावेत आणि मागच्यांना फारसे काही उरले नसावे. रोग्याला औषध देऊन घरी पाठवायचे, आणि तासाभराने तो ते प्यायला की नाही हे पाहायला स्वतःच त्याच्या दारात उभे राहायचे. दवाखान्याला कुलूप लावले की दहा पावलांवरून परत येऊन ओढून बघत, मग मला ओढायला लावीत. "मास्तर, तुम्ही साक्षीला असलेले बरे!"

त्यांची जुनी मोटार एका साहेबाने विलायतेला जाताना विकलेली. तिच्या सायलेन्सरची गंजून चाळण झाली होती. दर गुरुवारी ती बदलापूरच्या दवाखान्यातून चामटोलीवरून पुढच्या खेड्यांकडे निघाली की दोन शेतांपलीकडून गडगडाट ऐकू येई, आणि गावकरी आपापले दुखणेकरी धरून रस्त्यावर आणून बसवीत. घड्याळ गावात नव्हतेच. पण धूर गाडीच्या तळाच्या फळीतून आत यायचा, मागे निजवलेला रोगी खोकायचा आणि डॉक्टर कासावीस व्हायचे. "मास्तर, मी माणसं दवाखान्यात नेतोय की धुरी देतोय?"

शेवटी उल्हासनगरच्या छावणीतल्या एका सिंधी मिस्त्रीने नवा पाइप आणि सायलेन्सर बसवला. डॉक्टर गाडीखाली वाकून एकेका बोल्टाची चौकशी करीत होते. मिस्त्री वैतागला. "साईं, मैं तुम्हारे दवाखाने में आके पूछता हूँ क्या, सुई किधर लगाते हो?"

पुढच्या गुरुवारी मी सोबत होतो. गाडी इतकी गप्प की इंजिन चालू आहे ना, हे डॉक्टरांनी तीनदा थांबून पाहिले. चामटोली मागे पडली आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मास्तर, रस्त्यावर कुणीच नव्हतं! त्या दिवस भरलेल्या पोरीला आज आणायला सांगितलं होतं मी."

गाडी वळवली. पोर घरात कळा देत होती आणि तिचा सासरा ओटीवर बसला होता. "आवाजच नाय आला, डाक्टर! सकाळधरनं कान लावून बसलोय आमी." तिला मागे निजवून आम्ही निघालो. दवाखाना येईपर्यंत डॉक्टर एकच विचारत होते, "मास्तर, श्वास चाललाय ना तिचा?" मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. डॉक्टर मात्र पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला सायलेन्सरच्या अगदी मागच्या टोकाला भोके पाडायला सांगितले, म्हणजे धूर बाहेर जाईल आणि आवाजही राहील. आपल्याच हातचे काम बिघडवताना बिचाऱ्याचा जीव तुटत होता.

चार वर्षांनी डॉक्टर गेले. पंधरा दिवसांनी गाडी कर्जतच्या गिऱ्हाइकाला पोचवायला मीच निघालो. चामटोलीपाशी पाहतो तर एका म्हातारीला सुनेने धरून रस्त्याकडेला आणून बसवलेले. मला थांबावेच लागले. डॉक्टर गेल्याचे सांगितले. म्हातारी सुनेचा हात धरून गाडीकडे बघत उठली.

"मग ही कशाला वाजवीत आणलीस, बाबा?" ती म्हणाली.