एका पायावरचा सोनेरी कोंबडा

गाडी उभी होती. आडवी मी झाले. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण आमच्या घरात या प्रसंगाची जी आवृत्ती चालते तिच्यात मी अमरावतीच्या भर रस्त्यात ट्रकला धडक दिलेली आहे. ट्रक नव्हताच. दूध डेअरीपुढे मी माझी मोपेड स्टँडवर लावली, वळले, आणि आख्खी डेअरी माझ्याभोवती फिरायला लागली. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आत तोल सांभाळणारं काहीतरी बिघडलंय. गोळ्या दिल्या, तोलाचे व्यायाम करा म्हणाले. महिन्याभरात चक्कर गेली. भीती तेवढी राहिली, आणि तीही माझी नव्हे, आमच्या ह्यांची.

ह्यांनी मोपेडची किल्ली जप्त केली आणि स्वतःच्या कंबरेच्या करदोड्याला बांधली. थट्टा नाही. रोज सकाळी मला मागे बसवून, माझ्याच गाडीवरून, हे मला वलगावच्या शाळेत सोडायचे आणि जवळच्याच स्वतःच्या दुकानात चालत जायचे. गाडी लावली की शर्ट वर करायचा, पोट आत घ्यायचं आणि किल्ली करदोड्यात ओवायची. पोरं खिडकीतून हा कार्यक्रम बघायची. संध्याकाळी पुन्हा शर्ट वर. मी पंचवीस वर्षं मास्तरकी केलेली बाई, पार्सलसारखी पोचवली जात होते आणि पार्सलसारखीच परत आणली जात होते. शाळा सुटल्यावर सरळ घरी न जाणं हे माझं आयुष्यातलं एकमेव व्यसन, तेही सुटलं. मला ती किल्ली परत पाहिजे होती. दुसरं काही नको होतं.

शेवटी ह्यांनी अट घातली. "चहा उकळेस्तोवर एका पायावर उभी राहून दाखव. मंग किल्ली तुही."

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं. पण गॅस ह्यांच्या ताब्यात. मी पाय उचलला की हे पुढे व्हायचे आणि गॅस बारीक करायचे. त्या आचेवर चहा कोमट व्हायलाच पंधरा मिनिटं लागली असती.

अकोल्याला जठारपेठेत माझी मोठी बहीण राहते. जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तिच्याकडे कुणीतरी सांगितलेला इलाज असतो. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि चार दिवसांनी अमरावतीला येणाऱ्या कुणाजवळ तरी एक सीडी पाठवली. कव्हरवर पांढऱ्या रेशमी कपड्यातला एक चिनी म्हातारा, मागे तळं. ताई ची, म्हणजे चिनी लोकांचा सावकाश करायचा व्यायाम. बहिणीने वर चिठ्ठी लावली होती: 'याने तोल येतो. माझ्या दुकानदाराची सासू काठी सोडून चालते.' दुकानदार म्हणजे सीडी विकणारा. त्याने सासूबद्दल दुसरं काय सांगितलं असतं?

पहिल्याच दिवशी शेजारची आपा येऊन बसली. तिचे गुडघे दुखायचे आणि आमच्याकडे काय चाललंय हे कळलं नाही तर डोकंही दुखायचं. म्हाताऱ्याने दोन्ही हात वर उचलायला सुरुवात केली. उचलतोय, उचलतोय, अजून उचलतोय.

"बाई," आपा म्हणाली, "ये बुढ्ढा इत्ता धीरे कायको कर रहा? इसकू कुछ काम-धंदा नई क्या?"

"असंच करायचं असते आपा. सावकाश."

"मेरे घर में ऐसा करूंगी तो सास बोलेगी, इसकू हवा लग गई."

तरी ती रोज आली. सीडीतली बाई गोड आवाजात इंग्रजीत सांगायची की हातात मोठा चेंडू धरलाय अशी कल्पना करा. मी आपाला चेंडूऐवजी टरबूज सांगितलं. लगेच जमलं तिला. वर ते बोटांनी ठोकून पिकलंय का तेही बघितलं.

आता आमच्या विजेविषयी. ती वर्षं आमच्या भागाच्या शेतीच्या संकटाची. रोज पेपरच्या पहिल्या पानावर आमचेच जिल्हे. पॅकेजं जाहीर व्हायची, पाहणी पथकं यायची, गाड्यांच्या काचा खाली करून आमचे चेहरे बघायची आणि जेवून जायची. वीज अर्धा दिवस नसायची आणि आली की तिचा दाब असा उड्या मारायचा की शेतातल्या पंपांच्या मोटारी जळायच्या. जळलेल्या मोटारी कुठं यायच्या? आमच्या ह्यांच्या दुकानात. हे मोटार रिवाइंडिंग करायचे. सांगायला लाज वाटते, पण संकटाच्या त्या वर्षांत आमच्या घरी नवीन फ्रिज आला. जिल्ह्यात ताण नसलेला माणूस बघायचा असता तर पथकाला मी ह्यांच्याकडे पाठवलं असतं.

तर सकाळी सहा-वीसला नळ यायचे. पाणी भरून होईपर्यंत पावणेसात. सातला लोडशेडिंग. म्हणजे मला आणि आपाला मिळायची मोजून पंधरा मिनिटं. रिमोट कधीचा हरवलेला, त्यामुळे सीडी रोज पहिल्यापासून. आधी तळं, मग बगळे, मग म्हाताऱ्याचं वंदन, मग टरबूज. असं करत करत तो शेवटी एका पायावर उभा राहायचा. गोड आवाजाची बाई सांगायची की हा सोनेरी कोंबडा, एका पायावर उभा. एक गुडघा पोटापर्यंत, एक हात कानापर्यंत. आणि खट्! लाईट गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी टीव्हीवर ह्यांच्या बातम्या, रविवारी दुरुस्तीच्या नावाखाली दिवसभर वीज गायब. चार महिने आम्ही दोघी रोज सकाळी कोंबडा होऊन थांबलो आणि अंधुक खोलीत एकमेकींकडे बघून पाय खाली ठेवला. मला मनापासून वाटत होतं की ताई ची इथंच संपतं. किती छान शेवट, असंही मी एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले. कोंबडा उभा, भोवती शांतता, पंखा बंद. मी त्याच्यावर दोन वाक्यं तत्त्वज्ञानही सांगितलं. ते इथं लिहीत नाही. मलाही थोडी लाज आहे.

पण तोल आला हो! खरंच आला. उजव्या पायावर मी पोळ्या लाटायला लागले. ह्यांच्या बारीक गॅसवर चहाला आधण आलं तरी मी उभी. तर हे म्हणाले, "हा चहा नाई, हे नुसतं पाणी होतं. पत्ती नोती टाकली." दुसऱ्या दिवशी पत्ती टाकून उभी राहिले. "घरात उभं राहणं अलग, रोडवर अलग."

"मग मी काय चौकात कोंबडा होऊ?"

"बाहेर कोठं चार लोकांत करून दाखव. मंग पाहू."

ह्यांना वाटलं, बायको चार लोकांत काही असला प्रकार करणार नाही. त्यांचा अंदाज बरोबर होता. पण सरकार मध्ये पडलं.

स्टाफरूममधलं माझं तत्त्वज्ञान हेडमास्तरांमार्फत तालुक्याच्या साहेबांपर्यंत पोचलं होतं. साहेब बदलून नवीनच आलेले, पुण्याकडचे. वरून त्यांना कागद आला होता की शेतकऱ्यांचं मनोबल वाढवा. मनोबल कशाने वाढतं हे कागदात नव्हतं. साहेबांनी शाळेच्या मैदानावर शिबिर ठेवलं, 'ताणमुक्त शेतकरी' असा फलक रंगवला, आणि प्रात्यक्षिकाला माझं नाव टाकलं. मला विचारलं नाही. मास्तरांना जनगणना, पोलिओ, निवडणूक यांबद्दल तरी कुठं विचारतात?

गाव मात्र भरून आलं. का? कुणीतरी सांगितलं होतं की वीज कंपनीचा इंजिनिअर येणार. इंजिनिअर आला नाही. आलेल्यांना आता उठून जाणं बरं दिसेना, म्हणून सगळे बसून राहिले. बाया एका बाजूला, पदर सावरून, आज काय बघायला मिळतं या उत्सुकतेने. हे मला सोडायला आलेले, ते जाईनात. शर्ट वर करून किल्ली बांधली आणि लिंबाखाली हाताची घडी घालून उभे राहिले. माझं हसं होताना बघायची संधी हा माणूस सोडेल का?

साहेब बोलले. "ताण हा मनात असतो. तो श्वासाबरोबर बाहेर सोडून द्यायचा. नाकाने आत, तोंडाने बाहेर. सोडून द्यायचा."

पुढे बसलेला एक म्हातारा उठला. "सायेब, सोडून देल्ला तं तो जाईन कोठं? गावातच फिरत राहीन ना."

"अहो बाबा, तसं नाही. ताण म्हणजे..."

"नाई, मी म्हनतो, आमच्या फिडरवरच्या वायरमनले शिकवा हे. आमच्यापेक्षा तो लय टेंशनमंदी आहे. फोनच उचलत नाई बापा."

मैदान हसलं. साहेबांनी घाईघाईने माझ्याकडे हात केला. मी सगळ्यांना उभं केलं आणि सुरुवात केली. टरबूज धरा म्हटलं तर बायांनी धरलं, पुरुषांनी एकमेकांचं धरून बघितलं. "बाई, हे किती सावकाश," कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "तालुक्याले कागद देल्ला का असाच हालते." साहेबांनी टरबूज धरलेलं असल्यामुळे त्यांना रागावता आलं नाही.

तेवढ्यात एका शेतकऱ्याला लिंबाखालचे हे दिसले. "अरे, भाऊ! या ना इकडं. पंधरा दिस झाले, माही मोटर तुमच्या दुकानात पडून आहे. मले टेंशन, अन् तुमी तेथं हवा खाऊन राह्यले?"

चारजणांनी ह्यांना ओढून रांगेत उभं केलं. जळलेल्या मोटारींचे मालकच सगळे. ह्यांचा नाइलाज झाला. हे माझ्याकडे बघून मिशीत हसले: त्यात काय आहे! मी म्हटलं, "आता कोंबडा. एक पाय वर. हात कानापर्यंत."

सगळं मैदान एका पायावर उभं राहिलं. सांगते, तसं दृश्य मी पुन्हा बघितलं नाही. साहेब बुटांसकट एका पायावर. हेडमास्तर कंपास पेटीतल्या कर्कटकासारखे. आणि बाया? बाया अशा उभ्या होत्या जशा जन्मल्यापासून एकाच पायावर होत्या. ना डुलणं, ना धरणं. वर आपसात बोलणं चालू. मी चार महिने ज्याच्यासाठी घाम गाळला ते यांना कसं येतं, मला कळेना. एकीला विचारलंच.

"अवं बाई," ती म्हणाली, "काट्यायच्या वावरात जातो आमी. पायात काटा रुतला तं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवता येते का? एका पायावर उभं राहूनच काढा लागते. तुमाले हे चिनातून शिका लागलं?"

मैदान एका पायावर, मीही एका पायावर, सगळे वाट बघत. अर्धं मिनिट गेलं असेल. मग पुढचा म्हातारा, पाय वरच ठेवून, अदबीने म्हणाला, "बाई, आता पुढं काय?"

आणि तेव्हा, मंडळी, पंचवीस वर्षांच्या मास्तरकीत पहिल्यांदा मला पुढचा धडा येत नव्हता. पुढं काहीतरी असणार, हे त्या क्षणी मला प्रथम सुचलं. माणूस असा एका पायावर थोडाच संपतो! सगळं गाव माझ्याकडे बघतंय. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

"पुढं..." मी म्हटलं, "पुढं लाईट जाते."

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग म्हाताऱ्याला कळलं. तो असा हसला की त्याचा टेकू सुटून त्याने साहेबांचा खांदा धरला, आणि मग मैदानभर हसण्याची लाट गेली. "आमचं बी तसंच हाय बाई! मोटर चालू केली का पुढं लाईट जाते!" बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या, अजून एकाच पायावर. साहेबांनीसुद्धा हसून घेतलं. हसले नसते तर ते एकटेच पडले असते.

पडले ते आमचे हे. सगळे हसत असताना मी मात्र अजून एका पायावर उभी आहे हे त्यांनी बघितलं, आणि पाय खाली ठेवायचा नाही असं मनात धरलं. डुलले. हात फिरवले. शेजारच्याला धरायला गेले, तर तो नेमका मोटारीचा मालक. तो बाजूला झाला. हे ध्वजाच्या ओट्यावर कलंडले आणि पाय मुरगळला. बघता बघता घोटा पपईएवढा सुजला.

दोघांनी उचलून त्यांना गाडीजवळ आणलं. गाडी चालवणं शक्य नव्हतं, बस तासाभरानं होती. हे उरलेल्या एका पायावर उभे, एक हात माझ्या खांद्यावर, आणि अर्धं गाव भोवती. ह्यांनी शर्ट वर केला. पोट आत घेतलं. करदोड्याची गाठ एका हाताने सुटेना.

"सोड ना तू," हे दात आवळून म्हणाले.

"तुम्हीच सोडा. तुम्हीच बांधली."

"अवं, लोक पाहून राह्यले!"

"हो ना. चार लोकांतच करायचं ठरलं होतं."

किल्ली हातात आली तेव्हा ती गरम होती. चार महिने मी त्या चिनी म्हाताऱ्यापुढे कोंबडा झाले त्याने ती सुटली नाही. ह्यांचा घोटा सुजला तेव्हा सुटली. याला माझा तोल म्हणायचा की त्यांचा, ते तुम्ही ठरवा. मी ठरवत बसले नाही. गाडी चालू केली.

मागे बसून हे सांगत राहिले. "ब्रेकवर हात ठेव."

"ठेवलाय."

"खड्डा आहे."

"दिसला."

"ट्रक येऊन राह्यला समोरून."

"तो त्याच्या बाजूने येतोय."

असं करत करत अमरावती आली. आमच्या घराचं वळण आलं आणि मी सरळ गेले.

"अवं, वळण मागं राह्यलं! कोठं चालली?"

"मला थोडं काम आहे."

"अन् मी?"

"तुम्ही बसा की मागं," मी म्हटलं, "धरून."